यिर्मयाचे पत्र आणि आशेची मुदत

संकटकाळी बायबलमधील भविष्यवाणीकडे धीरासाठी वळणाऱ्या वाचकास ‘यिर्मया’ या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन बहुधा प्रथम आठवते. ईश्वराचे संकल्प अनिष्टाचे नसून हिताचे आहेत व त्यांत भवितव्याची आशा आहे, असा त्याचा आशय. शुभेच्छापत्रांवर व भिंतीवरील चौकटींत हे वचन सुटेपणाने वावरते. त्याच्या आधीच्याच वचनात मात्र सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली आहे, आणि ती चौकटीत येत नाही. ही मुदत वगळल्यावर उरणारी आशा यिर्मयाची राहते काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेऊन राजा यखन्या, दरबारी व कारागीर यांना बाबेलास नेले. मंदिर अद्याप उभे होते. नगराचा संपूर्ण विध्वंस सुमारे एका दशकाने झाला. त्यामुळे हा प्रसंग तात्पुरता आहे, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने याच समजुतीला ईश्वरी वाणीचे रूप दिले. दोन वर्षांत राजा व मंदिराची पात्रे परत येतील, असे घोषित करून त्याने यिर्मयाच्या मानेवरील लाकडी जू मोडले. यावर यिर्मयाचा प्रथमोद्गार ‘तसेच होवो’ या अर्थाचा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हनन्याची इच्छा त्याचीही होती. मतभेद इच्छेविषयी नव्हता. इच्छेला भविष्यवाणी म्हणावे काय, याविषयी होता.

पुढच्या अध्यायातील पत्र या पार्श्वभूमीवर वाचावयाचे आहे. त्याची वाक्यरचना बोलकी आहे. आश्वासन मागाहून येते. आरंभी आज्ञार्थी क्रियापदांची रांग आहे. निर्वासितांनी घरे बांधावीत, बागा लावाव्यात, विवाह करावेत, मुलामुलींची लग्ने लावून द्यावीत, असे त्यांना बजावले आहे. बाग फळास येण्यास वर्षे लागतात, नातवंडे होण्यास दशके. म्हणजे सत्तर हा आकडा उच्चारण्यापूर्वीच क्रियापदांनी ती मुदत सूचित केलेली आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढाला परतीचा दिवस स्वतः पाहावयास मिळणार नाही, हे त्यातून निष्पन्न होते. तरीही त्याला दिलेले काम आजचेच आहे.

शांतीविषयीही असेच. सातव्या वचनात ‘शालोम’ हा हिब्रू शब्द तीनदा येतो. मराठीतील ‘शांती’ हा त्याचा रूढ प्रतिशब्द. परंतु दोहोंची घडण भिन्न आहे. ‘शम्’ या धातूत निवणे, थांबणे हा भाव आहे. ‘शालोम’च्या धातूत पूर्ण असणे, अभंग असणे हा भाव आहे. आपल्या भाषेत फारसीमार्गे आलेला ‘सलामत’ हा शब्द त्याच्याच अरबी भावंडापासून झालेला आहे. म्हणून या स्थळी ‘क्षेम’ वा ‘हित’ हे शब्द अर्थाच्या अधिक जवळ जातात. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या भाषांतरकारापुढे अशा शब्दांची निवड ही केवळ शैलीची बाब नसते. ‘शांती’ म्हटले की चित्ताची निवांत अवस्था डोळ्यांपुढे येते. यिर्मया मात्र ज्या नगराने पाडाव करून नेले त्याच नगराचे क्षेम शोधावयास सांगतो.

‘आशा’ या अर्थी आलेला ‘तिक्वा’ हा शब्दही असाच मूर्त आहे. यहोशवाच्या ग्रंथात राहाबेच्या खिडकीला बांधलेल्या दोराला हेच रूप वापरले आहे. संबंधित धातूचा अर्थ वाट पाहणे असा होतो. ताणलेल्या दोराची लांबी हीच त्या प्रतीक्षेची लांबी. ती तोडून केवळ शेवट हाती देता येत नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला कालगणनेचा. ५९७ पासून कोरेशाने बाबेल घेतले त्या ५३९ पर्यंत अठ्ठावन्नच वर्षे भरतात. इतर आरंभबिंदू धरून सत्तरचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. शिवाय या ग्रंथाचा ग्रीक पाठ हिब्रूहून सुमारे एक-अष्टमांशाने लहान असल्याने त्यावर उत्तरकालीन संपादकांचे हात फिरले, हे बहुतेक समीक्षक मानतात. परंतु स्तोत्रकाराच्या मते सत्तर वर्षे म्हणजे एक मानवी आयुष्य. तो अर्थ घेतल्यास आकडा घड्याळाचे काम करीत नाही. ‘एक आयुष्यभर’ एवढेच सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : ही जेत्यांपुढील शरणागती नव्हे काय? बाबेलातील शमायाने याच पत्राविरुद्ध यरुशलेमेस लिहून यिर्मयाला खोड्यात घालण्याची मागणी केली होती. या आक्षेपाचे उत्तर ३२ व्या अध्यायात मिळते. नगराला वेढा पडलेला, स्वतः यिर्मया पहाऱ्यात. अशा वेळी त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवविले. बाबेलात घरे बांधावयास सांगणारा मायदेशातील जमिनीवरचा हक्क सोडीत नाही. दोन्ही कृतींमागे एकच कालदृष्टी आहे.

पत्रातील सल्ला हवेत विरला नाही, असे मानावयास आधारही आहे. लॉरी पिअर्स व कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, इ. स. पू. ५७२ ते ४७७ या काळातील मृत्तिकालेखांत बाबिलोनियातील यहूदी शेती करताना, कर भरताना व करार करताना दिसतात. त्यांनी यिर्मयाचे पत्र वाचले होते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. परंतु पत्राने कल्पिलेले जीवन अशक्य नव्हते, हे सिद्ध होते.

तात्पर्य, हनन्या व यिर्मया यांतील भेद आशावाद व निराशावाद यांचा नव्हे. एकाने मुदत लपवून आशा दिली, दुसऱ्याने मुदत सांगून. पहिली आशा दोन वर्षांनी ऐकणाऱ्याला अधिक रिक्त करून सोडते. दुसरी त्याच्या हाती कुदळ देते. अकरावे वचन धीर देते ते दहाव्या वचनासह वाचले तरच.