विल्हेल्म फ्रीडेमान बाख : चरित्र, आख्यायिका आणि चर्चसंगीतकाराचे बदलते स्थान

प्रस्तावना

जर्मन संगीताच्या इतिहासात बाख घराण्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. थुरिंगिया प्रदेशात या घराण्याच्या अनेक पिढ्यांनी चर्च, नगर आणि दरबार यांच्या सेवेत संगीत हाच व्यवसाय केला. या परंपरेतील श्रेष्ठ रचनाकार योहान सेबास्टियन बाख यांचे ज्येष्ठ पुत्र विल्हेल्म फ्रीडेमान बाख (१७१०-१७८४) यांचे चरित्र मात्र दीर्घकाळ ‘वाया गेलेल्या मुला’ची कथा म्हणून सांगितले गेले. ही कथा कोणत्या निकषांवर उभी आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

फ्रीडेमान यांचा जन्म २२ नोव्हेंबर १७१० रोजी वायमार येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना, जानेवारी १७२० मध्ये, वडिलांनी त्यांच्यासाठी कळफलकवाद्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र वही सुरू केली. १७२९ मध्ये त्यांनी लायप्झिग विद्यापीठात प्रवेश घेतला. १७३३ मध्ये ड्रेस्डेनच्या सोफिया चर्चमध्ये त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. या पदासाठीचा अर्ज वडिलांनीच मुलाच्या नावाने लिहिला होता. वडिलांच्या छायेचा विचार या घटनेपासूनच करावा लागतो.

हाले येथील सेवा

१७४६ मध्ये फ्रीडेमान हाले येथील मुख्य चर्चचे ऑर्गनवादक झाले. हेच पद तीन दशकांपूर्वी सेबास्टियन यांनी देऊ केले असता नाकारले होते. हाले येथे फ्रीडेमान यांनी वीसहून अधिक कॅन्टाटा रचल्या. परंतु चर्चच्या व्यवस्थापकांच्या दृष्टीने ते प्रथम सेवक होते आणि नंतर कलावंत. १७५० मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काच्या कामासाठी रजेपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. सप्तवार्षिक युद्धाच्या (१७५६-१७६३) काळात शहरावर आर्थिक बोजा पडला. १७६१ मध्ये त्यांची वेतनवाढीची मागणी फेटाळली गेली. अखेर १७६४ मध्ये दुसरी नोकरी हाती नसताना त्यांनी राजीनामा दिला.

चरित्रकारांनी या राजीनाम्याकडे बहुधा स्वभावदोष म्हणून पाहिले. फ्रीडेमान यांचा स्वभाव जुळवून घेणारा नव्हता, हे मान्य करावे लागेल. तथापि स्वभाव हे एकमेव कारण मानले की त्या काळातील व्यवसायाची रचना दृष्टिआड होते. चर्चची नोकरी सोडणाऱ्या संगीतकाराला मैफली, शिकवण्या आणि प्रकाशन यांवर जगावे लागे. या व्यवस्था मात्र जर्मन भूमीवर अजून पुरेशा रुजल्या नव्हत्या. १७४५ मध्ये सहा सोनाटांच्या नियोजित मालिकेतील पहिली त्यांनी प्रसिद्ध केली होती. तिला खप न मिळाल्याने ती मालिका तेथेच थांबली. १७७० मध्ये हाले सोडल्यावर ब्राउनश्वाइग परिसरातही कायम पद मिळाले नाही. १७७४ मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्या ऑर्गनवादनाची प्रशंसा झाली, परंतु प्रशंसेतून पद निर्माण झाले नाही. १ जुलै १७८४ रोजी तेथेच हलाखीत त्यांचे निधन झाले.

हस्तलिखितांचा प्रश्न

त्यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप वडिलांच्या हस्तलिखितांविषयीचा आहे. त्यांच्या वाट्याला आलेली हस्तलिखिते विकली गेली आणि विखुरली; धाकटे बंधू कार्ल फिलिप इमॅन्युएल यांच्याकडील वाटा मात्र मोठ्या प्रमाणात टिकला. ही तुलना वस्तुस्थितीला धरून असली तरी अपुरी आहे. इमॅन्युएल यांना आधी प्रशियाच्या दरबारात आणि १७६८ पासून हॅम्बुर्गमध्ये नियमित वेतन होते. जतन करण्याची इच्छा आणि जतन करण्याची ऐपत या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. विवाल्डी यांच्या एका कॉन्चेर्तोचे सेबास्टियन यांनी ऑर्गनसाठी केलेले रूपांतर फ्रीडेमान यांनी हस्तलिखितावर स्वतःचे म्हणून नोंदवले. १८४४ मध्ये ते त्यांच्याच नावाने छापले गेले आणि १९११ मध्ये ही चूक उघड झाली. या कृतीचे समर्थन करता येत नाही. परंतु एका नोंदीवरून संपूर्ण आयुष्याचा निवाडा करणे हीदेखील चिकित्सा नव्हे.

आख्यायिका आणि कृती

१८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राखफोगेल यांच्या कादंबरीने आणि १९४१ च्या जर्मन चित्रपटाने अधःपतित प्रतिभावंताची प्रतिमा लोकमनात पक्की केली. कृतींचा अभ्यास वेगळे चित्र दाखवतो. त्यांच्या बारा पोलोनेझांमध्ये नृत्यप्रकाराचा आराखडा घेऊन अनपेक्षित स्वरसंगती, अचानक विराम आणि गहन आत्मपरता साधलेली आहे. १७७८ मध्ये राजकन्या आना आमालिया यांना अर्पण केलेल्या आठ फ्यूगांत पित्याची शिस्त आणि नव्या पिढीची भावशीलता एकत्र येतात. या रचना ऱ्हासाच्या नव्हेत, संक्रमणाच्या आहेत.

समारोप

बर्लिनमध्ये फ्रीडेमान यांनी सारा लेवी यांना संगीत शिकवले. पुढे लेवी यांचा संग्रह बर्लिनच्या झिंग-अकाडेमी या संस्थेकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झालेला या संस्थेचा ग्रंथसंग्रह १९९९ मध्ये कीव येथे आढळला आणि २००१ मध्ये बर्लिनला परतला. त्यात फ्रीडेमान यांच्याही रचना आहेत. ज्याच्यावर वारसा गमावल्याचा ठपका ठेवला गेला, त्याचे संगीत टिकवण्यात त्याच्या शिष्येचा वाटा आहे, ही बाब चरित्रलेखनात दुय्यम मानता येणार नाही. घराण्याच्या परंपरेचे मूल्यमापन करताना रक्ताच्या वारशाइतकेच अध्यापनाच्या वारशालाही स्थान द्यावे लागते. फ्रीडेमान यांना वडिलांचे हस्तलिखितरक्षक म्हणून तपासणे थांबवले, तरच ते रचनाकार आणि शिक्षक म्हणून दिसू लागतात.