मूळ संहिता आणि बाइटकोड : पायथनविषयीच्या दोन गैरसमजांची समीक्षा

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या वर्गात प्रोग्रामिंग भाषांचे सामान्यतः दोन गट सांगितले जातात : कम्पायलर वापरणाऱ्या आणि इंटरप्रिटर वापरणाऱ्या. पायथनची गणना दुसऱ्या गटात होते. हे वर्गीकरण परीक्षेतील उत्तरापुरते सोयीचे असले, तरी त्यामुळे एक महत्त्वाची प्रक्रिया विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड राहते. प्रस्तुत लेखात त्या प्रक्रियेचा आणि तिच्याविषयीच्या दोन गैरसमजांचा चिकित्सक विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

बाइटकोडचे स्वरूप :
गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन भाषा ओळीओळीने वाचून चालवली जाते, हा पहिला गैरसमज होय. तिच्या सर्वाधिक प्रचलित रूपात, म्हणजे सी-पायथनमध्ये, आधी संपूर्ण फाइलचे बाइटकोडमध्ये रूपांतर होते आणि नंतर आभासी यंत्र तो बाइटकोड चालवते. म्हणूनच शेवटच्या ओळीत व्याकरणाची चूक असली, तरी पहिली ओळसुद्धा चालत नाही.

इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड 'पीवायसी' फाइलमध्ये साठवला जातो. २०११ मधील ३.२ या आवृत्तीपासून या फाइली 'पायकॅश' नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतात. मूळ फाइलचा आकार आणि तिच्यातील शेवटच्या बदलाची वेळ जुळली, तर रूपांतर पुन्हा करावे लागत नाही. 'कम्पाइल-ऑल' या मॉड्यूलने संपूर्ण फोल्डरचे रूपांतर आधीच करून ठेवता येते. या सर्व खटाटोपात वाचतो तो प्रोग्राम सुरू होण्याचा वेळ. प्रत्यक्ष चालण्याचा वेग वाढत नाही.

गुप्ततेचा भ्रम :
दुसरा गैरसमज अधिक हानिकारक आहे. पीवायसी फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून तिच्यातील संहिता सुरक्षित आहे, असे मानले जाते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्यांचे श्रद्धास्थान आहे, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा मूळ शब्द जसेच्या तसे हाती आले. बाइटकोडचे तसे नाही. फलनांची व चलांची नावे, स्थिर मूल्ये आणि तर्काची मांडणी त्यात टिकून राहते. पायथनमधीलच 'डिस' मॉड्यूलने त्यातील सूचना कोणालाही पाहता येतात. मात्र लेखकाने आपली भूमिका स्पष्ट करण्यासाठी लिहिलेल्या टिपा, म्हणजे कॉमेंट्स, कायमच्या नाहीशा होतात. थोडक्यात, जे लपवायचे ते उघडे राहते आणि जे जपायचे ते गळून जाते.

याचा व्यावहारिक परिणाम गंभीर आहे. समजा, अकोल्यातील एखाद्या महाविद्यालयाने हजेरीसाठी प्रोग्राम करून घेतला आणि त्यांना केवळ पीवायसी फाइली मिळाल्या. पीवायसी फाइलच्या आरंभी बाइटकोडच्या स्वरूपाचा ओळखक्रमांक असतो. पुढे संगणकावर पायथनची नवी आवृत्ती आली आणि हा क्रमांक जुळला नाही, तर ती फाइल नाकारली जाते. मूळ संहिता असती, तर किरकोळ दुरुस्त्यांनिशी काम पुन्हा सुरू झाले असते. ती नसल्यास जुनी आवृत्ती सांभाळत बसणे किंवा बाइटकोडवरून संहिता पुन्हा रचणे, एवढेच मार्ग उरतात. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेल्यावर ते आठवणींवरून पुन्हा सिद्ध करावे लागले, असे परंपरा सांगते. त्याच्या पाठभेदांचा गुंता अभ्यासकांना आजही सोडवावा लागतो. मूळ प्रतीचे मोल वऱ्हाडातील अध्यापकांना निराळे सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष :
बाइटकोड ही सोय आहे. ती संहितेची प्रत नव्हे आणि तिचे कुलूपही नव्हे. बौद्धिक संपदेचे रक्षण करण्याचा विकसकाचा हक्क मान्यच आहे. परंतु त्यासाठी कायदा व करार ही साधने आहेत. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी प्रोग्राम विकत घेताना मूळ संहिता मिळण्याची अट करारात घालावी. अध्यापकांनी एका प्रात्यक्षिकात लहानशी फाइल कम्पाइल करून 'डिस'च्या साहाय्याने विद्यार्थ्यांना दाखवावी. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा त्या एका तासाने भाषेचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल, असे वाटते.