मूल्य आणि माप

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म 1920 साली वाळवे तालुक्यातील वाटेगावी झाला. तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. गावकुसाबाहेरून निघून पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिलेल्या या लेखकाचे नाव शासनाने शहरांतील वस्ती सुधारण्याच्या योजनेला दिले. योजनेचे नाव लेखकाचे. तिचे मूल्यमापन करणारी भाषा मात्र हिशेबनिसाची.

समाजमंदिर किती, काँक्रीटचा रस्ता किती मीटर, मंजूर रक्कम किती आणि तिचे विनियोग प्रमाणपत्र आले काय, एवढे विचारून ही भाषा स्वस्थ होते. या मोजदादीला हसण्याचे कारण नाही. पावसाळ्यात चिखल तुडवीत घागर आणणाऱ्या बाईला फरसबंदीचे मोल समीक्षकाने सांगावयास नको. पण बांधलेले समाजमंदिर उघडते कोण आणि त्याची किल्ली कोणाच्या घरी असते, हा प्रश्न तक्त्यात कोठेच बसत नाही. वस्तीत मात्र तो पहिला असतो.

2005 साली केंद्राने एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम काढला. घरामागे खर्चाची मर्यादा 80,000 रुपये; त्यात लाभार्थ्याचा वाटा किमान 12 टक्के, मागास वर्गांसाठी 10. 'लाभार्थी' हा शब्दच पाहावा. स्वतःच्या घरासाठी पैसे भरणारा माणूस त्यात घेणाराच ठरतो. ज्या अभियानाचा हा भाग होता, त्यातील पूर्ण झालेली कित्येक घरे रिकामी असल्याचे महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात नोंदविले. बांधकामाच्या तक्त्यात तीही 'पूर्ण'च होती!

सांगली-मिरज-कुपवाडचे काम मला या दृष्टीने अधिक विचारार्ह वाटते. तेथे शेल्टर असोसिएट्स या पुण्याच्या संस्थेने आधी घरोघर पाहणी केली, नकाशे केले आणि माणसे जेथे राहतात तेथेच, निदान जवळपास, घरे देण्याचा आग्रह धरला. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पाच मैल दूरचे पक्के घर म्हणजे रोजच्या मजुरीतून बसभाडे. नकाशावर हे आधी दिसले तर पुढचा पुष्कळ अनर्थ टळतो. मूल्यमापन येथे काम संपल्यावर नव्हे, काम ठरविताना सुरू झाले. हे श्रेय लहान नाही.

तरीही एक कसोटी उरतेच, आणि ती कृष्णेने घेतली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले; धोक्याची पातळी तेथे 45 फुटांची. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. तेव्हा 'जेथल्या तेथे' या तत्त्वाचाही फेरविचार करावा लागतो: पूररेषेतली वस्ती जागेवरच पक्की करावयाची, की रोजगारापासून तोडून उंचावर न्यावयाची? मला वाटते, याचे उत्तर वस्तीगणिक निराळे येईल, आणि ते काढताना ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना पाहणी अधिकाऱ्याच्या शेजारची खुर्ची द्यावी लागेल. आजवर त्यांच्याकडून मागितला तो बहुधा अंगठा.