शरीर कोणाचे, कला कोणाची?

आमच्या अभ्यासवर्तुळात मध्यंतरी एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला आणि बैठक गप्प झाली. प्रश्न असा होता : अमेरिकेतील १९७०च्या दशकातील ब्लू फिल्म आज जुना ठेवा म्हणून जपल्या जात आहेत. त्यांच्या झिजलेल्या प्रती दुरुस्त होत आहेत, विद्यापीठांत त्यांच्यावर ग्रंथ लिहिले जात आहेत. मग त्यांत करमणुकीचे किंवा कलेचे काही मूल्य आहे असे आपण मानायचे की नाही? एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "असले विषय आपल्या चळवळीचे नव्हेत." मला हे उत्तर पटले नाही. ते तेव्हाच सांगायला हवे होते. तेव्हा सांगितले नाही म्हणून आज लिहितो आहे.

अश्लील हा शब्द आपल्याला नवा नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा पांढरपेशा वाचकाने कवितेतली वस्ती पाहण्याआधी कवितेतल्या शिव्या मोजल्या. जे जगणे आमच्या माणसांवर लादले गेले, ते आम्ही शब्दांत मांडले तर अश्लील. आणि ते लादणारी व्यवस्था मात्र सोवळी! हा अनुभव गाठीशी असताना एखादी कलाकृती अश्लील आहे एवढ्यावरून ती मोडीत काढण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. दुसरी वाट शोधावी लागते.

ती वाट बाबासाहेबांच्या दोन कृतींत मला सापडते. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक विषयावर बोलणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका नोंदली गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, जून १९३६मध्ये, मुंबईतील परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांसमोर बाबासाहेब बोलले आणि हा धंदा सोडा असे त्यांनी निक्षून सांगितले. वरवर पाहता या दोन भूमिका एकमेकींविरुद्ध वाटतील. तशा त्या नाहीत. कामजीवनाविषयी बोलणे, लिहिणे, दाखवणे यांस मोकळीक हवी. आणि लाचार माणसाच्या शरीराचा बाजार थांबायला हवा. याच दोन मापांनी मी हे चित्रपट तपासणार आहे.

हे लिहिण्यापूर्वी मी यांतले चार चित्रपट पाहिले. न पाहता निषेध करणे ही प्रस्थापित समीक्षेची रीत आहे. ती आपण उचलू नये.

आधी थोडा इतिहास. अशा फिती अमेरिकेत पूर्वीही होत्या. पण त्या लहान, मुक्या असत आणि पुरुषांच्या खाजगी बैठकींत चोरून दाखवल्या जात. १९६९ साली अँडी वॉरहॉलचा 'ब्लू मूव्ही' न्यूयॉर्कमध्ये उघडपणे लागला. १९७२मध्ये जेरार्ड डॅमियानोचा 'डीप थ्रोट' आला आणि सुशिक्षित मध्यमवर्गीय जोडपी तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. जानेवारी १९७३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या लाटेवर लेख छापला आणि ब्लू फिल्म पाहणे ही तिथल्या अभिजनांची फॅशन झाली. पुढे घरोघरी व्हिडिओ आला, थिएटरे ओस पडली आणि कथानक असलेले हे लांबलचक चित्रपट मागे पडले. 'जुना सुवर्णकाळ' म्हणतात तो एवढाच.

आता 'कलामूल्य' या शब्दाकडे पाहू. जून १९७३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात अश्लीलतेची कसोटी घालून दिली. तिच्यातला एक भाग असा, की कृतीला एकूणात गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नसेल तरच ती अश्लील ठरावी. त्याआधीही न्यायालयाची भाषा सामाजिक मूल्य आहे की नाही, याच वळणाची होती. म्हणजे या चित्रपटांत कथानक, विनोद, संगीत, तत्त्वज्ञान आले ते केवळ दिग्दर्शकाच्या प्रतिभेमुळे नव्हे. ते वकिलाच्याही उपयोगाचे होते. आपण ज्याला सौंदर्यशास्त्राचा प्रश्न समजतो, तो निम्मा बचावाचा प्रश्न होता. यावरून कला खोटी ठरत नाही. पण कलेचा दाखला कोणाला तुरुंगातून वाचवतो आणि कोणाला वाचवत नाही, हे विचारणे भाग पडते.

तरीही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे, की कला आहे. डॅमियानोचाच 'द डेव्हिल इन मिस जोन्स' (१९७३) घ्या. आयुष्यभर एकटी, कोरडी राहिलेली एक स्त्री आत्महत्या करते. स्वर्ग बंद झालेला आणि नरकासाठी पुरेसे पाप नाही, म्हणून ती पाप कमावण्यासाठी थोडा वेळ मागून घेते. शेवटी ती एका बंद खोलीत, तिच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या पुरुषासोबत कायमची कोंडली जाते. सार्त्रच्या 'नो एक्झिट' या नाटकाची सावली इथे स्पष्ट दिसते. ही भूमिका करणारी जॉर्जिना स्पेलव्हिन रंगभूमीवरून आलेली, पस्तिशी ओलांडलेली नटी होती. तिच्या चेहऱ्यावरची थकलेली, हावरी एकाकी अवस्था पाहताना मी प्रसंगांतली उघडी शरीरे विसरलो. रॉजर ईबर्टसारख्या नामवंत समीक्षकाने या चित्रपटाला तीन तारे दिले होते. तो निवाडा मला चुकीचा वाटत नाही. माझा आक्षेप एवढाच, की स्त्रीची वासना जागी झाली की तिला नरकातच पोचवायचे, हा जुना पुरुषी धर्म या धीट चित्रपटालाही सोडता आला नाही.

करमणुकीच्या अंगाने 'द ओपनिंग ऑफ मिस्टी बीथोव्हन' (१९७६) पाहावा. रॅडली मेट्झगरने हेन्री पॅरिस या नावाने केलेला हा चित्रपट शॉच्या 'पिग्मॅलियन'वर बेतलेला आहे. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगमंचावर आली, ती याच नाटकावरून. तिथे फुले विकणारीला उच्चभ्रूंची भाषा शिकवतात, इथे पॅरिसच्या वेश्येला उच्चभ्रूंची कामकला शिकवतात. संवाद चुरचुरीत आहेत, छायाचित्रण देखणे आहे, प्रसंग हसवतात, आणि शेवटी शिष्येचे पारडे गुरूपेक्षा जड होते. लिंडा विल्यम्स या अभ्यासिकेने १९८९च्या 'हार्ड कोर' या ग्रंथात अशा चित्रपटांची तुलना संगीतपटांशी केली आहे : गोष्ट थांबते आणि गाण्याच्या जागी शृंगाराचा प्रसंग येतो. वग आणि लावणी एकत्र पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

लावणीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. लावणीचे कलामूल्य आता सर्वांना मान्य आहे. तिच्यावर प्रबंध होतात, ती सरकारी सोहळ्यांत नाचवली जाते. पण किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) वाचलेल्या माणसाला ठाऊक आहे, की कलेचा मान रसिकाच्या पदरात पडला आणि कलंक नाचणारीच्या पदरात राहिला. अमेरिकेतही निराळे घडले नाही.

'बिहाइंड द ग्रीन डोअर' (१९७२) हा सॅन फ्रान्सिस्कोच्या मिचेल बंधूंचा चित्रपट. त्यातली नायिका मॅरिलिन चेंबर्स ही त्याच सुमारास एका नामांकित साबणाच्या खोक्यावर तान्हे मूल कडेवर घेतलेल्या आईच्या रूपात झळकत होती. साबणाची जाहिरातच शुद्धतेची! चित्रपटात या गोऱ्या, 'शुद्ध' स्त्रीला पळवून आणून रंगमंचावर उभे करतात आणि तिच्यासमोर येतो जॉनी कीज हा काळा नट. चेहरा रंगवलेला, गळ्यात आफ्रिकी वाटेल अशी माळ. दोघांच्याही तोंडी शब्द नाही. आंतरवर्णीय विवाहाला बंदी करणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले होते. त्याला पाचच वर्षे झाली होती. तेव्हा हे दृश्य धाडसाचे होते, यात शंका नाही. पण धाडस कोणत्या चवीवर उभे होते? विटाळाच्या. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले, की जात टिकते ती स्त्रीच्या कामजीवनावर पहारा बसवून. पहारा असला की तो मोडण्याचा चोरटा थरारही विकता येतो. काळा पुरुष इथे माणूस म्हणून येत नाही, निषिद्ध वस्तू म्हणून येतो. शेवटी पडद्यावर मंद गतीने उधळलेले रंग कॅमेऱ्याची करामत म्हणून सुंदर आहेत. आणि तरी तो माणूस मुकाच राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता सर्वांत कठीण उदाहरण. 'डीप थ्रोट'ची नायिका लिंडा लव्हलेस, मूळची लिंडा बोरमन. चित्रपट हलकाफुलका, विनोदी. प्रेक्षक खळखळून हसले. १९८० साली तिने 'ऑर्डिल' हे आत्मकथन प्रसिद्ध केले. नवरा चक ट्रेनर मारहाण करून, पिस्तुलाचा धाक दाखवून आपल्याकडून हे करवून घेत होता, आपल्या अंगावरचे वळ चित्रपटात दिसतात आणि मिळालेले साडेबाराशे डॉलरही त्यानेच घेतले, असे तिने सांगितले. १९८६मध्ये सरकारी आयोगापुढेही तिने तेच सांगितले. चित्रीकरणाला हजर असलेल्यांपैकी काहींनी तिच्या म्हणण्यातला काही भाग नाकारला, हेही नोंदवायला हवे. परंतु पैसा संघटित गुन्हेगारांकडून आला होता आणि अमाप नफ्यातले तिच्या हाती काही पडले नाही. तिची साक्ष वाचल्यावर तो विनोद पुन्हा पाहताना मला हसू आले नाही. पडद्यावरचे हसणे मारहाणीच्या भीतीने आलेले असेल, तर त्याला अभिनय म्हणायचे कसे?

सौंदर्यवादी म्हणेल, कलाकृती कर्त्यापासून वेगळी असते. ताजमहाल पाहताना मजुरांची गणती कोणी करत नाही. आपण करतो. आपले साहित्य त्या गणतीतूनच जन्मले. शिवाय ताजमहालात मजुराचे शरीर दिसत नाही. इथे कलेचे साहित्यच जिवंत शरीर आहे. म्हणून इथे संमती हा कलेबाहेरचा नैतिक प्रश्न नाही, ती कलेच्या आतली अट आहे.

याचा अर्थ या स्त्रिया केवळ बळी होत्या असा नव्हे. तसे म्हटले की त्यांची जीभ पुन्हा कापली जाते. स्पेलव्हिनने आपल्या भूमिकेची लाज धरली नाही. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये कॅन्डिडा रॉयाल, अ‍ॅनी स्प्रिंकल आणि इतर नट्यांनी एकमेकींना आधार देण्यासाठी 'क्लब ९०' नावाचा गट बांधला. रॉयालने १९८४मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि स्त्रीच्या नजरेतून चित्रपट केले. ज्यांची शरीरे दाखवली जात होती, त्यांनीच कॅमेरा हाती घेतला. आपल्या साहित्याचा आरंभ याहून वेगळा कुठे होता? ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, त्यांनीच लेखणी उचलली.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. होय, या जुन्या चित्रपटांपैकी काहींत करमणूक आहे आणि थोड्यांत कला आहे. ती नाकारणे हे सोवळेपण ठरेल. पण दुरुस्त केलेल्या प्रतीचा चकचकीतपणा पाहून तिला वारसा म्हणण्याआधी तीन गोष्टी विचार : ज्याचे शरीर दिसते, त्याला नाही म्हणता आले असते काय? पैसा कोणाकडे गेला? आणि पडदा पडल्यावर मान कोणाला मिळाला, कलंक कोणाला? ही उत्तरे चित्रपटागणिक वेगळी येतील आणि निवाडाही वेगळा येईल. 'मिस जोन्स'ला जे लागू, ते 'डीप थ्रोट'ला लागू नाही.

आणि हेच तीन प्रश्न पुढच्या वेळी तू लावणीच्या बैठकीत बसशील तेव्हाही विचार. तिथे आपणही प्रेक्षकांत असतो.