वास्तूंचें स्थलांतर आणि त्यांची पुष्पिका

वेल्स देशांतील कार्डिफ शहरानजीक सेंट फॅगन्स येथें जें खुलें वस्तुसंग्रहालय आहे, त्याचा उल्लेख आपल्याकडील ऐतिहासिक लेखनांत क्वचितच आढळतो. सनदा, बखरी, नाणीं व शिलालेख यांच्या शोधांत गढलेल्या मंडळीस कुणब्याचें घर किंवा खाणकामगारांची चाळ दगड दगड सुटा करून दुसऱ्या जागीं पुन्हां उभी करावयाची व तिला इतिहासाचें साधन म्हणावयाचें, हा उद्योग केवळ हौसेचा वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाचें मत उलट आहे. असें घर हें एक हस्तलिखितच होय. मात्र हस्तलिखितास लागू असलेले सर्व नियम त्यासही लागू केले पाहिजेत. पोथी कोणीं, कोठें व कोणत्या शकांत उतरली हें सांगणारी पुष्पिका फाटून गेली म्हणजे पोथीची जी गत होते, तीच मूळ जागेपासून तुटलेल्या व टिपण नसलेल्या वास्तूची होते. या कसोटीवर सेंट फॅगन्सचें काम व आपल्याकडील कांहीं प्रयत्न घासून पाहावयाचे आहेत.

या प्रकारच्या संग्रहालयांचा कित्ता म्हणजे स्टॉकहोमचें स्कान्सेन. तें आर्टूर हाझेलिउस यांनीं १८९१ सालीं स्थापिलें. त्याच धर्तीवर योरवर्थ पीट या वेल्श पंडितांनीं सेंट फॅगन्सची मांडणी केली. अर्ल ऑफ प्लिमथ यांनीं १९४६ सालीं आपला वाडा व भोंवतालचा बाग दिला, आणि १ जुलै १९४८ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. वेल्श घरांविषयींचा पीट यांचा ग्रंथ १९४० मध्येंच प्रसिद्ध झालेला होता. म्हणजे घरें उचलण्यापूर्वीं घरांचा अभ्यास झाला होता. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. आज तेथें चाळीसांहून अधिक वास्तु आहेत. शेतघरें, धान्याचें कोठार, मातीच्या भिंतींचें झोंपडें, प्रार्थनामंदिर, कातडीं कमावण्याचा कारखाना, सर्व कांहीं आहे. गावर भागांतील केनिक्स्टन या शेतघराच्या भिंती तांबड्या रंगविलेल्या आहेत. त्या रंगानें बाधा टळते अशी तेथील समजूत. आपल्याकडे उंबऱ्याला नाल ठोकणाऱ्यास हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

या संग्रहालयांतील दोन वास्तु आमच्या विषयास विशेष उपयोगी आहेत. पहिली सेंट टायलो यांचें चर्च. लांडेलो टाल-अ-बॉन्ट येथील हें मोडकळीस आलेलें मंदिर उकलण्याच्या वेळीं चुन्याच्या थरांखालीं जुनीं भित्तिचित्रें निघालीं. तेव्हां संग्रहालयानें तें सुमारें १५३० सालीं जसें दिसलें असतें तसें उभारण्याचें ठरविलें, आणि २००७ सालीं तें लोकांस दाखविलें. या निर्णयावर आक्षेप घेतां येतो. १५३० चा पाठ मुख्य धरल्यावर पुढील चार-साडेचार शतकांचे पाठ मुख्य संहितेंतून गळतात. त्या काळांत तेथें उपासना करणाऱ्यांचें मंदिर निराळें होतें. परंतु आपण कोणता पाठ धरला हें त्यांनीं उघड सांगितलें आहे, आणि जो संपादक आपली निवड सांगतो त्याच्याशीं वाद घालतां येतो. दुसरी वास्तु मर्थर टिडविल येथील रिड-अ-कारची चाळ. लोखंडाच्या खाणीवरील मजुरांसाठीं बांधलेलीं हीं सहा घरें एका ओळींत आहेत, व तीं अनुक्रमें १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५ या सालांप्रमाणें मांडलीं आहेत. भिंती त्याच, चूल मात्र बदलत जाते. येथें एकही पाठ गाळावा लागला नाहीं. आमच्या मतें सबंध संग्रहालयांत याहून अधिक विचारपूर्वक केलेलें काम दुसरें नाहीं.

पण ही चाळ तेथें १९८७ सालीं आली, हें विसरतां कामा नये. संग्रहालय उघडल्यापासून जवळजवळ चाळीस वर्षें शेतकरी वेल्स हाच खरा वेल्स असें तें प्रेक्षकांस सांगत होतें. आणि त्या देशाची बहुसंख्य प्रजा तर दक्षिणेच्या कोळशाच्या व लोखंडाच्या खोऱ्यांतून राहत होती. पीट यांचें भाषेवरील व खेड्यावरील प्रेम मोठें होतें, त्या प्रेमाचाच हा दोष. ओकडेल येथील कामगारांचें सभागृह (बांधणी १९१७) त्यानंतर १९९५ सालीं आलें.

आपल्याकडे या जातीचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचें. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं राजा या आपल्या दिवंगत मुलाच्या नांवें जें संग्रहालय उभारलें व १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें, त्यांत कोथरूड येथील मस्तानीचा म्हणून ओळखला जाणारा महाल उकलून आणून बसविलेला आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करणाऱ्या या गृहस्थांनीं दिवे, दौती, अडकित्ते व दरवाजे यांसाठीं गांवोगांव जी पायपीट केली, तिचें ऋण कोणीही संशोधक नाकारणार नाहीं. जुन्या वाड्यांचें सागवान वखारींत व चुलींत जात असतां अख्खें दालन उचलण्याचें धाडस त्यांनीं केलें. तरी परीक्षकानें बोलावयाचें तें बोललें पाहिजे. महाल आतां महाल राहिलेला नाहीं, तो दुसऱ्या इमारतीच्या पोटांतील एक खोली झाला आहे. त्याला बाहेरचें तोंड नाहीं, अंगण नाहीं. त्याच्या कोणत्या अंगास सूर्य उगवत होता हें तेथें उभें राहून समजत नाहीं. आणि कोथरूड हें त्या काळीं शहराबाहेरचें गांव! पेशव्यांच्या घरांतील कलह ज्यास ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीनें शनिवारवाड्यापासूनचें तें अंतर हाच या वास्तूचा मुख्य मजकूर. तो बाजीराव रस्त्यावर आणतां येण्यासारखा नव्हता. निदान जुन्या जागेचा नकाशा मोठ्या आकारांत शेजारीं लावतां येतो. तसेंच मूळचा खांब कोणता व मागाहून जोडलेला कोणता, हें खांबाच्या पायाशींच लिहिलेलें असावें. मस्तानीच्या नांवाचें तेज असें कीं, त्यापुढें प्रेक्षक पुरावा मागावयास विसरतो. म्हणूनच तो न मागतां दिला पाहिजे.

याच्या उलट प्रकार मेणवलीचा. नाना फडणिसांचा वाडा वाईजवळ कृष्णेच्या कांठीं जागच्या जागीं आहे. दफ्तर मात्र रावबहादूर द. ब. पारसनीस यांनीं मिळविलें, आणि तें साताऱ्याच्या संग्रहालयांतून १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेलें. तेथें वास्तु गेली व जागा राहिली; येथें वास्तु राहिली व कागद गेले. दफ्तर वांचलें हें उत्तमच झालें. परंतु कागद ज्या फडताळांत होता तें फडताळ हाही त्या कागदाचा एक भाग असतो, ही गोष्ट आपण संग्राहक लोक, रुमाल हातीं पडल्याच्या आनंदांत, फार लवकर विसरतों.

धरणांच्या निमित्तानें झालेलीं स्थलांतरें या दृष्टीनें तुलना करण्यासारखीं आहेत. गोमंतकांत सांगे तालुक्यांतील कुर्डी हें मोगूबाई कुर्डीकरांचें गांव साळावली धरणाखालीं गेलें, त्या वेळीं तेथील जुनें महादेवमंदिर सुटें करून धरणाजवळ नवीन जागीं पुन्हां रचण्यांत आलें. आमच्या भीमेवर उजनीचें धरण झालें तेव्हां पळसदेवच्या पळसनाथाचें मंदिर पाण्यांत तसेंच राहिलें. पाणी ओसरलें म्हणजे शिखर व मग मंडप दिसूं लागतो, आणि लोक होड्यांतून पाहावयास जातात. कोणता मार्ग बरा? कुर्डीचें मंदिर वांचलें, पण उन्हाळ्यांत गांवचे पाये उघडे पडतात तेव्हां गांवकरी त्या पायांवरच जमतात. पळसदेवचा दगड पाण्यानें झिजत आहे, पण तो आपल्या जागेवर आहे. दगडाचें काम असेल तर कुर्डीचाच मार्ग आम्ही पत्करूं.

करवीरजवळच्या कणेरी मठांतील सिद्धगिरी संग्रहालयाविषयीं थोडक्यांत लिहितों. बारा बलुतेदारांचें स्वयंपूर्ण गांव तेथें सिमेंटच्या पुतळ्यांनीं उभें केलें आहे. कारागिरी चांगली आहे, मुलें रमतात. परंतु तें वर्णन आहे, साधन नव्हे. बखर आणि समकालीन पत्र यांत जो भेद, तोच येथें.

आतां आमच्या सोलापूर प्रांताकडे वळतों. येथील खरें जुनें घर म्हणजे माळवदाचें. जाड दगडी भिंती, लांकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या अगर काटक्या, मग पाला, आणि वर हातभर किंवा त्याहून जाड पांढरी अगर खारी माती. गळती लागली कीं आणखी माती घालावयाची, असें पिढ्यान्‌पिढ्या चाले. काळी व पांढरी हे शब्द आपण वतनाच्या कागदांत नित्य वाचतों. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. माळवदाची माती पुष्कळदां जुन्या ओसाड पांढरीच्या टेकाडांतूनच खणून आणीत. म्हणजे माळवदांत खालच्या युगांतील खापरें, मणी, क्वचित् नाणेंही मिसळलेलें असतें. तेर येथें कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जो अमोल संग्रह केला, तो अशाच पांढऱ्या मातीच्या टेकाडांनीं दिलेला आहे. तेव्हां माळवद उतरविणें हें एका अर्थीं उत्खननच होय, आणि आज तें पहार व ट्रॅक्टर यांनीं चालूं आहे.

या घरांविषयीं हळहळ वाटणाऱ्यानें ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरूं नये. किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत हजारों माणसें मेलीं, तीं बहुतांशीं याच भिंतींखालीं व याच मातीखालीं. बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. त्यानंतर कोणीं माळवद पाडून पत्रा किंवा स्लॅब घातला तर त्यास दोष देण्याचा अधिकार संशोधकास नाहीं. उलट, ज्या दिवशीं एखादें माळवदाचें घर संग्रहालयांत उभें राहील, त्या दिवशीं तें घर आपल्या माणसांस कसें मारी हेंही तेथें सांगितलें गेलें पाहिजे. थंडाव्याचें कौतुक करावयाचें व वजन लपवावयाचें, हा अर्धा पाठ झाला. घर उचलावयाचें तर एकच, परंतु पुरें उचलावें: प्रत्येक खणाचें माप, प्रत्येक तुळईवर क्रमांक, माती खणवार चाळलेली, व त्या घरांतील खतें, पावत्या, जमाखर्चाच्या वह्या त्याच घराच्या नांवें एकत्र ठेवलेल्या.

शेवटीं पीट यांच्या चुकीविषयीं. ती आपण करीत आहोंत कीं नाहीं, हें पाहण्यास सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी हें गांव पुरेसें आहे. येथें गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत झाली. तीं घरें २००६ सालीं त्यांच्या ताब्यांत आलीं. रे नगरच्या वसाहतींतील पंधरा हजार घरें जानेवारी २०२४ मध्यें दिलीं गेलीं. आमच्यांतील कित्येकांस हा विषय ऐतिहासिक वाटणार नाहीं. रिड-अ-कारची चाळही १९४८ सालीं कोणास तशी वाटली नव्हती. या घरांपैकीं एखादें, व त्यापूर्वीं त्या कुटुंबानें शहरांत भाड्यानें घेतलेली खोली, अशीं दोन्हीं मोजून, रेखून व छायाचित्रें घेऊन ठेवावयाचीं असतील तर आजच सोपें आहे. पहिल्या पिढीच्या स्त्रिया बोलावयास आहेत, पानें कापण्याचा पत्र्याचा साचा, कात्री व सूप घरांत आहे, आणि घराचें वाटपपत्र पेटींत आहे. त्या वाटपपत्राची नक्कल सनदेच्या नकलेइतक्याच काळजीनें घ्यावी, घरधनिणीची संमति लेखी असावी, आणि साचा-कात्री तिला कामास लागत असेल तर ती तिच्याकडेच ठेवून केवळ चित्र काढून आणावें.