म्हातारपणाची बाजू घेणारा वीस वर्षांचा मुलगा

आज ग्रंथ जरा वेगळा आहे. कोयोहारु गोतोउगे यांची ‘डीमन स्लेयर’ ही जपानी चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून आली आणि तिचे २३ खंड झाले. आपण बोलणार आहोत ते आठव्या खंडाबद्दल. तुमच्यापैकी अनेकांनी यातली लढाई ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटात पाहिली असेल. पण खंड लढाईपाशी संपत नाही, आणि आमचा मुद्दा नेमका तिथेच आहे.

प्रसंग थोडक्यात सांगतो. काळ जपानच्या ताइशो युगाचा, म्हणजे विसाव्या शतकाची पहिली दशकं. आगगाडीतल्या दोनशे प्रवाशांना एका राक्षसापासून वाचवून झालंय, आता पहाट होईल, आणि तेवढ्यात आकाझा हा कितीतरी बलाढ्य राक्षस समोर येतो. राक्षससंहारकांपैकी ज्येष्ठ योद्धा रेन्गोकू क्योजुरो त्याला अडवतो. आता गंमत पाहा. आकाझा आधी धमकी देत नाही, आमंत्रण देतो. तू राक्षस हो, म्हणतो. माणूस म्हातारा होतो, मरतो, म्हणून त्याची विद्या पूर्णत्वाला जात नाही. रेन्गोकू नकार देतो. त्याच्या मते म्हातारं होणं आणि मरणं यातच माणसाचं सौंदर्य आहे.

इथे आपल्याला कठोपनिषदातला नचिकेता आठवतो. यमाने त्यालाही हवं तेवढं आयुष्य देऊ केलं होतं, आणि त्यानेही नाकारलं. पण फरक लक्षात घ्या. नचिकेत्याला आत्मज्ञान हवं होतं. रेन्गोकूला स्वतःसाठी काहीच नको आहे. त्याच्या पाठीशी माणसं आहेत, एवढंच.

आता एक कबुली. पहिल्या वाचनात आम्ही मनातल्या मनात आकाझाला ‘हो’ म्हणून टाकलं होतं! सत्तरी ओलांडली की जिन्याच्या प्रत्येक पायरीला आकाझाचा युक्तिवाद पटतो. चाळीस वर्षं शिकवलेल्या तत्त्वज्ञाचं नाव ऐन वेळी आठवत नाही, तेव्हा तर फारच पटतो. आणि म्हातारपणाला सुंदर कोण म्हणतंय? वीस वर्षांचा मुलगा! त्याला कुठे म्हातारं व्हायचंय? तो तर पहाटेपर्यंतही जेमतेम टिकतो. न भोगलेल्या गोष्टीची स्तुती करणं सोपं असतं, असा आमचा आक्षेप होता.

लढाईतली चित्रं त्या आक्षेपाला अर्धंच उत्तर देतात. आकाझाच्या जखमा क्षणात भरून येतात, रेन्गोकूचा फुटलेला डोळा तसाच राहतो. पण उजाडायला लागतं, आणि पळतो कोण? अमर असलेला! स्वतःचे हात तोडून तो जंगलात शिरतो. ज्याला मरण नाही त्याला रोजच्या सकाळचं भय आहे. तांजिरो त्याच्या मागे ओरडतो की पळालास तू, जिंकला रेन्गोकू, कारण त्याने कुणालाच मरू दिलं नाही.

खरं उत्तर मिळतं ते त्यानंतर, रेन्गोकूच्या घरी. तिथे त्याचे वडील शिन्जुरो आहेत. एकेकाळचे मोठे योद्धे. पत्नी गेल्यावर तलवार सोडून दारूत बुडालेले, गेलेल्या मुलालाही नालायक ठरवणारे. म्हणजे वय वाढणं किती कुरूप असू शकतं, ते ही चित्रकथा लपवत नाही. आणि त्या बापासाठी मरत्या मुलाने ठेवलेला निरोप काय? तब्येतीला जपा. बस्स, एवढंच! सूड घ्या नाही, कुळाचं नाव राखा नाही. तो ऐकून बाप रडतो.

आमचा आक्षेप इथे गळून पडला. रेन्गोकूने म्हातारपणाची स्तुती केली ती स्वतःच्या नव्हेच. त्याच्यासमोर एक खचलेला, वय होत चाललेला माणूस होता, आणि तो माणूस आणखी जगावा, आणखी म्हातारा व्हावा, असं त्याला वाटत होतं. सौंदर्य सुरकुत्यांत नसतं हो. कुणीतरी आपल्याला जपायला सांगतं, त्यात असतं.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. बलवानांनी दुर्बलांना वाचवावं, ही रेन्गोकूच्या आईची शिकवण थोर आहे; पण ती आणि आकाझाचा दुर्बलांविषयीचा तिरस्कार, दोन्ही माणसांची एकच वाटणी गृहीत धरतात. दुर्बलांच्या वाट्याला फक्त वाचवलं जाणं येतं. ही वाटणी मोडते ती पुढे अठराव्या खंडात. माणूस असताना आकाझा आजारी माणसांची सेवा करत होता, त्यांना वाचवू न शकल्याने उद्ध्वस्त झाला होता, हे तिथे कळतं. तो खंड वाचून आठवा पुन्हा उघडा. आकाझाचं आमंत्रण तेव्हा वेगळंच ऐकू येतं. ज्याला आपलं दुःखच आठवत नाही, त्याची ती बढाई असते.

आम्ही जिना अजून सावकाशच चढतो. पण घरून फोनवर कुणी ‘तब्येतीला जपा’ म्हणालं, की हल्ली ‘हो, हो’ म्हणून उडवून लावत नाही. प्रश्न असतील तर विचारा.