चुकून झालेली बदनामी आणि कायद्यात नसलेला बचाव

मागच्या व्याख्यानात आपण मारहाण, डांबून ठेवणं, दुसऱ्याच्या जागेत घुसणं ही अपकृत्यं पाहिली. तिथे संमती होती, स्वसंरक्षण होतं, असे बचाव घेता येतात. अब्रुनुकसानीलाही आपण त्याच रांगेत बसवतो. पण इथे एक मोठा फरक आहे. 'तसा माझा हेतू नव्हता' हे उत्तर दिवाणी दाव्यात चालत नाही.

मग काय चालतं? मुख्य बचाव तीन. पहिला, मजकूर खरा आहे. फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही, त्यात लोकहितही दाखवावं लागतं. दिवाणीत मात्र सत्य हा पुरता बचाव. दुसरा, सार्वजनिक बाबीवरची रास्त टीका. तिसरा विशेषाधिकार, म्हणजे विधिमंडळात किंवा न्यायालयात केलेलं विधान.

आता पुण्याचा दावा घ्या. सप्टेंबर २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ' वाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नामसाधर्म्यामुळे भलतंच छायाचित्र दाखवलं. ते होतं सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष पी. बी. सावंत यांचं. छायाचित्र पडद्यावर होतं जेमतेम पंधरा सेकंद. पुढे खुलाशाची पट्टीही चालवली गेली. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने भरपाई ठरवली १०० कोटी रुपये!

वरचे तीन बचाव लावून बघा. मजकूर सावंतांबाबत खरा नव्हता. छायाचित्र म्हणजे मत नव्हे, तेव्हा रास्त टीका गेली. विशेषाधिकाराचा प्रश्नच नाही. म्हणजे वाहिनी दोषी ठरणं बरोबरच होतं. आयुष्यभर कमावलेल्या नावाला धक्का लागला, तो पंधरा सेकंदांचा होता की पंधरा मिनिटांचा, हा मुद्दा दुय्यम आहे. माझा आक्षेप पुढे आहे: चुकून केलं की मुद्दाम, याला आपल्या कायद्यात जागाच ठेवलेली नाही.

हे तत्त्व जुनं आहे. इंग्लंडमध्ये एका वृत्तपत्राने काल्पनिक म्हणून 'आर्टेमस जोन्स' असं नाव वापरलं. त्या नावाचे खरेखुरे बॅरिस्टर निघाले. ज्यूरीने १,७५० पौंड दिले आणि पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सने ते कायम केले. पण इंग्लंड तिथेच थांबलं नाही. १९५२ च्या कायद्याने तिथे सोय केली: निर्दोष चूक असेल तर दुरुस्ती आणि माफी छापण्याची तयारी दाखवा, त्यातून बचाव मिळेल. १९९६ च्या कायद्याने ही वाट आणखी रुंद केली. आपल्याकडे दिवाणी अब्रुनुकसानीचा स्वतंत्र कायदाच नाही. ते जुनं तत्त्व आपण घेतलं, त्यावरचा उतारा घेतला नाही.

दुसरी गोष्ट रकमेची. १०० कोटीच का? १ कोटी किंवा १० कोटी का नाही? ठरवायला मोजपट्टी नाही. महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्काला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे मागणी कितीही फुगवली तरी एका टप्प्यानंतर खर्च वाढत नाही. आणि हुकूमनामा झाल्यावर? या प्रकरणात अंमलबजावणी थांबवायची तर २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

मोठी वाहिनी वकील लावेल, बँकेकडेही जाईल. तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाने काय करायचं? त्याला नोटीस आली की तो खरी बातमीसुद्धा मागे घेतो. बचाव पुस्तकात शाबूत असतो, पण तो मांडायची ऐपत त्याच्याकडे नसते.

म्हणून मागणी साधी आहे. तातडीने आणि तितक्याच ठळकपणे केलेली दुरुस्ती हा कायद्यात बचाव असावा, निदान त्यामुळे भरपाई कमी व्हावी. यात फिर्यादीचंही हित आहे. गेलेलं नाव त्याला आठवड्याभरात परत हवं असतं, तीन वर्षांनी नव्हे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.